तड्यावरचं फायबर

आधी माणसं सांगतो, मग काय झालं ते सांगतो. वसमतच्या बस डेपोसमोर वेल्डिंगचं दुकान चालवणारे उस्ताद, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले आणि आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष असलेले गुरुजी, आणि औंढा रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात नोकरी करणाऱ्या सिस्टर. तिघांचे उपकार आहेत, पण क्रम लावायचा झाला तर पहिल्या सिस्टर. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. म्हाताऱ्या बायकासुद्धा सिस्टरच म्हणायच्या. त्या नसत्या तर मंडळातली माझी खुर्ची गेली असती, आणि खुर्ची गेल्यावर मी वसमतला राहिलो असतो असं मला वाटत नाही.

मी मालवणकडचा. मच्छीमाराच्या घरात जन्मलो आणि मला होडी लागायची. धक्का सोडला की ओकाऱ्या सुरू. आठवीत शाळा सुटली तेव्हा वडिलांनी मला समुद्रावर नेण्याचा नाद सोडला आणि खाडीकाठच्या एका शेडमध्ये होड्या बनवायच्या कामाला लावलं. तिथं फायबर शिकलो. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन चोपडायचं, ब्रशनं टोचून टोचून हवेचे बुडबुडे मारायचे, आणि वाळेपर्यंत अंग खाजवत बसायचं. एवढीच विद्या, पण ती मला चांगली आली.

सिद्धेश्वर धरणावर मासे धरणाऱ्यांच्या होड्या दुरुस्त करायला एका कंत्राटदारानं आम्हा चौघांना इकडे आणलं. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. काम संपलं, तिघे गावी परतले, मी राहिलो. वसमतच्या एका हळदीच्या आडतीवरल्या शेठना फायबरच्या कूलरच्या बॉड्या करून हव्या होत्या. इथल्या उन्हाळ्यात कूलर करणाऱ्याला काम कमी पडत नाही. शेठनी गोदामाच्या टोकाची एक खोली दिली. सुरुवातीला मी तोंड उघडलं की गोदामातली माणसं हसायची. मी ‘खंय जातास’ म्हटलं की दिवसभर एकमेकांना तेच म्हणत बसायची. त्यामुळे मी फारसा बोलत नसे. तसा मी भित्राच. कुलूप लावून चार पावलं गेलो की परत येऊन ओढून बघणारा.

गाडी मला त्या गोदामातच सापडली. हळदीच्या पोत्यांमागे एक लांब नाकाची, छप्पर नसलेली, दोनच माणसांची मोटार होती. मोटार कसली, नुसतं टरफल. शेठच्या पुतण्यानं पुण्याला शिकत असताना मासिकातली जाहिरात बघून तो सेट मागवला होता: फायबरची बॉडी, दोन बुटकी दारं, काचेची चौकट, नटबोल्टांचा एक पेटारा आणि एक इंग्रजी पुस्तक. जुन्या गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि इंजिन आपण मिळवायचं, हे सगळं त्यावर बसवायचं, की झाली आपली स्पोर्ट्स कार. पुतण्या परदेशी गेला आणि टरफल इथं राहिलं. शेठ म्हणाले, “पोत्यांची जागा अडली बाबा. तुझ्या जातीचं सामान हाय, तूच घेऊन जा.”

आता आठवीतून पळालेला, सायकलसुद्धा भाड्यानं आणणारा माणूस स्पोर्ट्स कारचा मालक झाला, हे ऐकून लोक मला बघायला यायचे. त्यात एकदा गुरुजी आले. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि फाटकापाशी उभी त्यांची पन्नास वर्षांची जीप. त्यांनी टरफलाला प्रदक्षिणा घातली, पेटारा उघडला, इंग्रजी पुस्तक उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, “रविवारी काय करतोस?”

“काही नाही.”

“मग ये.”

मंडळ म्हणजे सातआठ माणसं. जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत दर रविवारी सकाळी जमायची. प्रत्येकाकडे काहीतरी जुनं होतं. उस्तादांकडे युद्धाच्या काळातली मोटारसायकल. सिस्टरांकडे एक मोपेड, जिच्यावरून त्या वीस वर्षं लसीचा डबा घेऊन गावोगाव फिरत होत्या. मंडळात त्या एकट्याच बाई. पण त्यांच्याशी कुणी जपून बोलायचं नाही, कारण निम्म्या मंडळाला त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं होतं.

मंडळाचा नियम एकच, पण कडक. आपल्या गाडीला आपण पाना लावायचा नाही. गुरुजी म्हणायचे, मालकाला गाडीचं दुखणं दिसत नाही, आणि दिसलं तरी तो उद्यावर टाकतो. म्हणून माझी गाडी तुम्ही उघडायची, तुमची मी. मालकानं हत्यारं हातात द्यायची, चहा करायचा आणि बाजूला उभं राहून जीव खालीवर करायचा. मंडळाच्या लोखंडी खुर्च्या उस्तादांच्या दुकानात असत, आणि कोणती कुणाची हे ठरलेलं. मला खुर्ची मिळाली त्या रविवारी मी कोकणातून निघाल्यापासून पहिल्यांदा घरी पत्र टाकलं.

खुर्ची जाते कशी तेही बघितलं. मंडळातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या गाडीचा ब्रेकचा पाइप गळत होता. त्यांनी तो कापडानं आवळून बांधला आणि कुणाला सांगितलं नाही. नरसीच्या वाटेवर गाडी एका रसवंतीत घुसली. रसवंतीवाल्याचा हात मोडला. पुढच्या रविवारी गुरुजींनी त्यांची खुर्ची घडी घालून भिंतीला टेकवून ठेवली. भांडण नाही, भाषण नाही. ते गृहस्थ आले, खुर्ची बघितली, आणि आले तसे गेले.

माझी गाडी उभी राहायला तीन वर्षं लागली. पुस्तकात लिहिलेली जुनी गाडी हिंगोलीच्या भंगारात सापडली. तिचं वैशिष्ट्य असं की तिची बॉडी बोल्ट काढले की उचलून बाजूला ठेवता येते आणि खाली चासी मोकळी राहते. गुरुजी जीपच्या बोनेटवर पुस्तक ठेवून एकेक वाक्य मराठीत सांगायचे. दर तिसऱ्या पानावर लिहिलेलं असायचं की इथं एक मदतनीस लागेल. गुरुजींनी ते वाचलं की उस्ताद चहाचा कप ठेवून उठायचे, “मदतनीस हाजिर!”

चासी, इंजिन, ब्रेक सगळं त्यांनी बसवलं. मी नियमाप्रमाणे पान्याला हात लावला नाही. फक्त बॉडीवरच्या भेगा, कोपरे, दारांच्या कडा मी भरल्या, कारण दुसऱ्या कुणाला ते येतच नव्हतं. त्यावर चर्चा झाली आणि गुरुजींनी निकाल दिला, “ब्रश म्हणजे पाना नव्हे.” त्या वाक्यानं मला पुढे फार त्रास दिला.

बॉडी मूळची पांढरी, पण गोदामात राहून पिवळी पडली होती. आम्ही थिनरनं घासली, साबणानं घासली, उस्तादांनी पॉलिश मारलं. पिवळी ती पिवळी. सिस्टर मोपेडवरून उतरल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या. “काय करून राहिले रे तुमी? हळदीचा डाग घासून जातो का? उन्हात ठेवा तिला. आमच्या पांढऱ्या साड्यांचं काय करतो मग आमी?” चैत्राच्या उन्हात पंधरा दिवस ठेवली. पांढरी झाली. तेव्हापासून उस्ताद तिला ‘सिस्टर की साडी’ म्हणायला लागले.

ती चालायला लागली तेव्हाचं सुख काय सांगू. बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटायचं. एसटीचं चाक कानाशी यायचं. पेट्रोल भरायला थांबलो की लोक आत वाकून बघायचे आणि मला मालक समजायचे नाहीत, ड्रायव्हर समजायचे. त्याचं मला बरंच वाटायचं. पण प्रत्येक फेरीनंतर मी खाली वाकून एकेक बोल्ट बोटानं चाचपायचो. चाचपायला नियमात मनाई नव्हती.

तसं चाचपतानाच एका श्रावणात बोट अडकलं. पुढच्या डाव्या चाकाजवळ, जिथं चाकाचा सगळा भार चासीवर येतो, तिथं लोखंडाला तडा गेलेला होता. नख शिरेल एवढा.

सरळ होतं. रविवारी सांगायचं, उस्तादांनी बघायचं. पण मी सांगितलं नाही. पहिली भीती ही की गुरुजी गाडी मोडीत काढा म्हणतील. आणि दुसरी मला अजून नीट सांगता येत नाही. मंडळातले सगळे शिकलेले, नोकरीवाले, नाहीतर पिढीजात हुन्नरवाले. माझी तिथली सगळी ओळख त्या गाडीमुळे. गाडी गेली की मी पुन्हा कूलरवाला कोकणी. शिवाय होडीला तडा गेला की आम्ही काय करतो? कोरडा करतो, घासतो, मॅटचे चार थर चढवतो, आणि ती होडी पुढे दहा वर्षं समुद्रात जाते. माझ्या हाताला तेवढंच ठाऊक होतं. ब्रश म्हणजे पाना नव्हे. मी तसंच केलं, इतकं सफाईनं की कडा कुठं संपते ते कळू नये, आणि वरून चासीचा काळा रंग मारला.

काम झाल्याबरोबर कळलं की हे खरं नाही. होडीचा तडा पाणी आत येऊ नये म्हणून बुजवतात. इथं चाक उरावर घेऊन लोखंड रोज वाकत होतं. पण आता सांगायचं म्हणजे तडाही सांगायचा आणि झाकलेलंही सांगायचं. रसवंतीवाला डोळ्यांपुढे यायचा. चारसहा फेऱ्या कशाबशा मारल्या आणि मग मी गाडी बाहेर काढायचीच बंद केली. विचारलं की कूलरची घाई आहे म्हणायचो. आश्विनात कसली कूलरची घाई?

दसऱ्याला मंडळाची सगळी वाहनं सिद्धेश्वर धरणापर्यंत जायची. त्याच्या दोन रविवार आधी गुरुजींच्या टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला ज्याची चिठ्ठी येईल त्यानं त्याचं वाहन खालपासून वरपर्यंत तपासायचं आणि पुढच्या रविवारी चिठ्ठीवर सही करायची. सही नाही तर गाडी नाही. त्या वर्षी माझी चिठ्ठी उस्तादांना येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. चिठ्ठी सिस्टरांना आली. मला हायसं वाटलं. तिथंच माझं चुकलं.

सिस्टरांनी गोदामात पोतं अंथरलं, साडीचा पदर खोचला आणि गाडीखाली सरकल्या. हातात हातोडा नाही, पाना नाही, औषध पाजायचा स्टीलचा चमचा. त्या चमच्यानं चासीवर एकेक वीत अंतरावर वाजवत निघाल्या. टण. टण. टण. मी वर उभा राहून मोजत होतो. डाव्या चाकापाशी आल्यावर आवाज आला, थप. मग पुन्हा थप.

“हितं काय घातलंस रे?”

“गंज लागू नये म्हणून लेप आहे.”

“व्हय का,” म्हणाल्या आणि पुढे वाजवत गेल्या.

बाहेर आल्यावर हात पुसले, चहा प्याल्या. सही केली नाही, पण त्याचं मला विशेष वाटलं नाही, सही रविवारीच करायची असते. निघताना म्हणाल्या, “माझी मोपेड उस्तादनं खोलून ठेवली. मंगळवारी मेंढपाळांच्या तळावर पोलिओचा डोस पाजायला जायचंय. तू ने मला तुझ्या गाडीत.”

“यात?”

“मग? सायकलवर नेतोस का?”

मंगळवारी सकाळी आठला त्या उपकेंद्राच्या दारात उभ्या होत्या. मांडीवर लसीचा निळा डबा, आत बर्फ. मी गाडी सुरू केली. पंधराच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. रस्त्याच्या मधोमध, जिथं डांबर शाबूत आहे तिथूनच. डाव्या चाकाखाली खडा आला तरी माझ्या दातांत लागायचा. मागून सायकलला किटल्या अडकवलेला दूधवाला आला, आमच्या बरोबरीनं थोडा वेळ चालला, मग म्हणाला, “सिस्टर, ढकलू का?”

“राहू दे रे. नवरी हाय, हळूच चालती.”

“अन् नवरदेवाला घाम काहून सुटला?”

तो हसत पुढे निघून गेला. मी मान वळवून सिस्टरांकडे बघायला घाबरत होतो. पुढं एक नळ्यांचा पूल होता, पावसानं कडा खाल्लेला. पुलावर खड्डे, खाली ओढा. पंचवीसेक पावलं अलीकडे मी गाडी थांबवली. थांबवली म्हणजे पायानंच थांबवली, मी काही ठरवलेलं नव्हतं.

“काय झालं?”

“सिस्टर, उतरा.”

“काहून?”

“उतरा म्हणतो ना!” मी त्यांच्यावर ओरडलो. तोवर मी त्या मुलखात कुणावर आवाज चढवलेला नव्हता.

त्या उतरल्या. मीही उतरलो आणि रस्त्यावर उभा राहून सगळं सांगितलं. तडा, मॅट, काळा रंग, सगळं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पुसायला हात उचलायची लाज वाटत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती दिस झाले?”

“श्रावणापासून.”

“म्हंजे दोन महिने तू झोपला न्हाईस.”

मला वाटलं होतं शिव्या मिळतील. मी म्हटलं, “तुम्हाला कळलं होतं?”

“चमचा बोलला की. सगळीकडं बोलतो आन् तिथंच मुका होतो, तर काय लेप हाय व्हय तो?”

“मग बसलात काहून गाडीत?” रागानं माझ्याही तोंडून ‘काहून’ निघालं.

“पंधराच्या स्पीडनं कोण मरतंय? मला बघायचं होतं, तू मला पुलावर नेतोस का न्हाई.”

“आणि नेलं असतं तर?”

“नेलं असतंस तर मी अलीकडंच उडी मारली असती. मी काय येडी हाय का?” मग डब्याकडे बघून म्हणाल्या, “चल आता. बर्फ तुझी वाट बघत न्हाई.”

पुलाअलीकडे एका शेतकऱ्याचा आखाडा होता, म्हणजे शेतातला गोठा आणि खोपी. त्याला विचारून गाडी तिथं कडब्याच्या आडोशाला लावली आणि दोन कोस चालत गेलो. डबा मी घेतला. तळावर मेंढरांचा वास, धूर, आणि सिस्टरांना बघून झोपड्यांमागे पळणारी लेकरं. सिस्टर एकेकाला धरून तोंडात दोन थेंब टाकायच्या आणि मी डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करायचो. एका पोरगीनं मला कडकडून चावा घेतला. तिच्या आजीनं मला तेल लावायला दिलं आणि विचारलं, “आखाड्यावरची गाडी तुमचीच का? माझ्या लेकानं बघितली. वरचं कुणी नेलं तिचं?”

“वरचं नव्हतंच, आजी.”

“मग पावसात?”

“भिजतो.”

आजीनं सिस्टरांकडे बघितलं. “शहाणं हाय ना लेकरू?”

“हाय, हाय,” सिस्टर म्हणाल्या, “जरा उशिरा शहाणं होतं.”

परत येताना एका टेम्पोत बसलो. सिस्टर म्हणाल्या, “रविवारी तू सांगायचं. मी सांगणार न्हाई. पण न्हाई सांगितलंस तर सही करणार न्हाई, आन् काहून केली न्हाई ते गुरुजी विचारतीलच.” मग उतरेपर्यंत त्या आपल्या मोपेडच्या क्लचबद्दल बोलत राहिल्या.

रविवारी मी गेलो तेव्हा माझी खुर्ची इतरांच्या रांगेत मांडलेली होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की उस्ताद म्हणाले, “जरा बुलंद बोलो मियाँ, इधर कुछ सुनाई नहीं देरा.” म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागलं. गुरुजी उठले, जीप सुरू केली, आणि आम्ही सगळे आखाड्यावर गेलो.

उस्तादांनी छिन्नी लावली. माझं फायबर निघता निघेना. बऱ्याच वेळानं एक ढलपी उडाली आणि खालचा तडा दिसला. श्रावणात नख शिरत होतं, आता नाण्याची कड शिरली असती. उस्ताद ती ढलपी उन्हात धरून बघत राहिले. “काम तो एकदम उमदा है,” म्हणाले, “पर लोहे कू कांच का पट्टा बांधे तुम? ये क्या पाँव का फोड़ा है?”

गुरुजी बाजेवर बसले होते. त्यांनी मला समोर बोलावलं आणि भलतंच विचारलं, “आठवीत शाळा काहून सोडलीस?”

हा प्रश्न मला इकडे कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “नापास होईन असं वाटलं.”

“झाला होतास का?”

“माहीत नाही. निकाल बघायला गेलोच नाही.”

गुरुजींनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. त्यांना मोठं वाईट वाटलेलं दिसलं, आणि ते चासीबद्दल नव्हतं. तेवढ्यात सिस्टर पुढं झाल्या. “गुरुजी, त्या कापूसवाल्यानं रसवंतीत घुसल्यावर सांगितलं. ह्यानं पुलाच्या अलीकडं सांगितलं. दोघांला एकच सजा असंल तर माझी बी खुर्ची काढा. मी कळून बसले होते गाडीत.”

“तुमी कळून बसल्या होत्या?” गुरुजी उभेच राहिले. “डबा घेऊन?”

“डबा घेऊनच.”

मग माझं राहिलं बाजूला आणि गुरुजी सिस्टरांवर जे घसरले ते पाऊण तास. जबाबदार बाई, सरकारी लस, उद्या काही झालं असतं तर. सिस्टर मान खाली घालून ऐकत होत्या आणि मधूनच उस्तादांकडे बघून डोळे मिचकावत होत्या. गुरुजींचा राग संपला तेव्हा माझ्यासाठी थोडाच उरला होता. या दसऱ्याला गाडी जाणार नाही, उस्ताद पट्ट्या ठोकून वेल्डिंग करतील, आणि आजपासून ब्रश म्हणजेसुद्धा पाना. माझ्या गाडीच्या फायबरलाही मी हात लावायचा नाही.

“मग लावणार कोण? कुणाला येतंय?” उस्तादांनी विचारलं.

“हा शिकवील.”

तो हिवाळा मी मंडळाला फायबर शिकवण्यात घालवला. आयुष्यात मी कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. गुरुजी वही घेऊन बसायचे आणि रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचे किती थेंब ते लिहून घ्यायचे. उस्ताद रेझिन सांडायचे. सिस्टर हातमोजे न घालता काम करायच्या, मग खाजवत मला शिव्या द्यायच्या. माझ्या गाडीच्या नाकावर उजव्या बाजूला त्यांच्या अंगठ्याचा ठसा रेझिनमध्ये वाळून राहिला आहे. अनेकांनी सांगितलं घासून टाक. नियमानं मला घासता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी घासू देत नाही.

त्या दसऱ्याला मी सिस्टरांच्या मोपेडवर मागे बसून धरणावर गेलो. चढावर मला उतरून पळावं लागायचं. धरणाच्या भिंतीपाशी सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. मी सिस्टरांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाल्या, “ते राहू दे. तुझी गाडी नीट झाली की मला चारचाकी शिकव. लई दिसांची हौस हाय.”

मी हो म्हटलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गाडी केव्हाच नीट झाली, उस्तादांच्या पट्ट्या अजून चासीहून मजबूत आहेत. सिस्टर निवृत्त होऊन आपल्या गावी राहतात. मोपेड विकली नाही, पण गुडघ्यांमुळे चालवत नाहीत. मी भेटायला गेलो की चहाच्या आधी विचारतात, “कधी?” आणि मी काहीतरी सांगतो. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आहेत. पाऊस आहे. क्लच जड आहे, तुमचा गुडघा दुखेल. त्या ‘व्हय का’ म्हणतात. तसंच म्हणतात, गाडीखालून म्हणाल्या होत्या तसं.

खरं कारण त्यांना कळलेलं आहेच. दुसऱ्याच्या हातात स्टीअरिंग आणि मी बाजूच्या सीटवर, हे मला सोसत नाही. तडा ठाऊक असून त्या मांडीवर डबा घेऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या, आणि मला धड चासीवर त्यांच्या शेजारी बसवत नाही. याची लाज वाटते म्हणून आज हे लिहून काढलं.

सिस्टर, ऊस संपला की येतो. सीट पुढं घ्यायची सोय उस्तादांकडून करून घेतली आहे. किल्ली तुमच्या हातात देईन आणि डावीकडे बसेन. हँडब्रेकवर हात ठेवणार नाही. तुम्ही कितीच्याही स्पीडनं न्या, ‘उतरा’ म्हणणार नाही.